गाण्याची बॅटरी वेगळी

आमच्या आतोबांच्या मते जगातल्या यच्चयावत दुःखांचं कारण एकच होतं : व्होल्टेज कमी पडणं. भात कच्चा राहिला, व्होल्टेज डाउन. दही लागलं नाही, व्होल्टेज डाउन. दिल्लीतलं सरकार पडलं तेव्हाही पेपरची नीट घडी घालत ते तितक्याच शांतपणे म्हणाले, "लोड जास्त झाला, व्होल्टेज बसलं." मला बघायला सिकंदराबादचा एक मुलगा आला होता. त्यानं तासभर चिवडा खाल्ला आणि तेवढा वेळ स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. तो गेल्यावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत असताना आतोबांनीच निकाल देऊन टाकला, "पोरगा सोन्यासारखा आहे. फक्त व्होल्टेज नाही." त्या एका वाक्यावर ते स्थळ मोडलं, आणि त्याबद्दल मी आतोबांची जन्मभर ऋणी आहे.

आतोबा म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून हैदराबादेतलं. त्यामुळे ते घरात मराठी बोलायचे, रागावले की दखनीत शिरायचे आणि शेजारणीकडे विरजण मागायची वेळ आली की अतिशय गोड तेलुगू काढायचे. मी पुण्याहून त्यांच्या नल्लकुंट्याच्या घरी राहायला आले ती नोकरीसाठी. देशाची दारं नुकतीच किलकिली झाली होती, हैदराबादेत कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या, आणि त्यांतल्या एकीनं मला बोलावलं होतं. आमच्या ऑफिसात वीज गेली तरी कॉम्प्युटर बंद पडत नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी मोठ्या अभिमानानं आतोबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कनवाळूपणे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, आमच्या गाड्यांत लाइट जातच नव्हती. आम्ही त्याचे पेढे वाटले काय?"

नोकरीची सारी वर्षं त्यांनी रेल्वेच्या डब्यांतले दिवे आणि पंखे चालू ठेवण्यात घालवली होती. डब्याच्या पोटाखाली बॅटऱ्यांच्या पेट्या असतात, चाकाच्या आसावरून एक पट्टा जातो, तो डायनामो फिरवतो. गाडी धावली की बॅटऱ्या भरतात, गाडी थांबली की त्या भरलेल्यातून दिवे लागतात. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवलं तरी मी ते म्हणून दाखवलं असतं. "चाललास तर कमाई, थांबलास तर खर्चा," हा त्यातून निघालेला त्यांचा सिद्धान्त, आणि तो ते माणसांनाही लावायचे. संध्याकाळी घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी विद्यानगरच्या कोपऱ्यापर्यंत चालवून आणायचे. एकदा आत्याच्या माहेरगावचे एक जाडजूड गृहस्थ रात्रभराचा प्रवास करून दारात उभे राहिले, तर आतोबांनी त्यांची बॅग आत घेतली आणि त्यांना बाहेर काढलं. ते गृहस्थ परत आले तेव्हा त्यांना चहा नको होता, सोडा हवा होता. निवृत्त झाल्यावरही खिशात टेस्टर आणि हातात छोटा हातोडा असायचाच. कुणाची स्कूटर फाटकापाशी लागली की हे तिच्या चाकांवर टकटक करून, कान देऊन, मान हलवून आत यायचे. घरातला दिवा जरासा पिवळा पडला तर तोंडातला घास तसाच ठेवून पानावरून उठायचे. आत्या म्हणायची, "लग्नात अंतरपाट धरलेला तेवढा वेळ माणूस माझ्यासमोर एका जागी उभा होता. त्यानंतर नाही."

ह्या आत्याचा गळा फार गोड. मी लहानपणी सुट्टीला यायची तेव्हा ती सकाळी उठल्यापासून गायची. चटणी वाटताना, कपडे वाळत घालताना, तांदूळ निवडताना. मराठी मंडळाच्या गणपतीत आरती ती उचलायची आणि बाकीच्या बायका तिच्या मागून जायच्या. आतोबा आठवड्यातले कितीतरी दिवस गाड्यांबरोबर लाइनवर, मूलबाळ नाही, तेव्हा संध्याकाळी ती आणि तिचा रेडिओ असा दोघांचाच संसार असे. मी नोकरीसाठी आले तेव्हा मात्र घर गप्प झालेलं होतं. आत्याला ऐकू येईनासं झालं होतं.

हे ती कबूल करत नव्हती. तिनं त्यावर एवढ्या युक्त्या काढल्या होत्या की मला आठ-दहा दिवस पत्ताच लागला नाही. ती नेहमी दाराकडे तोंड करून बसे, म्हणजे आलेल्या माणसाची सावली आधी दिसे. कुकरची शिट्टी ती वाफेवरून ओळखायची. गणपतीत टाळ्या मात्र शेजारणीच्या हातांकडे बघून वाजवायची आणि ओठ नुसते हलवायची. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र तिनं रुमालात गुंडाळून शालूंच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवलं होतं. "कानाला यंत्र लावून बसायला मी काय टेलिफोन आहे?" असं तिचं म्हणणं. फारच कुणी खोदून विचारलं तर माहेरची उदगीरची बोली उसळून यायची, "मला सगळं ऐकू येऊलालंय. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलूलालाव!"

एका संध्याकाळी तिनं रेडिओ लावला. आवाज वाढवला, आणखी वाढवला. खिडक्या थरथरायला लागल्या तरी तिच्या कपाळावरची आठी जाईना. मग बटणावर हात तसाच ठेवून तिनं वळून आमच्याकडे पाहिलं, आणि मी तिच्या डोळ्यांत भीती पाहिली. आतोबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. ते मोठ्यांदा म्हणाले, "अगं, सोड त्याला. व्होल्टेज डाउन आहे." आत्याचा चेहरा सैल झाला. "तरीच," ती म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

तो रेडिओ सेलवर चालणारा होता. घरातल्या व्होल्टेजशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पण एकदा थाप मारली की ती निभवावी लागते, आणि निभवण्यात आतोबांचा हात कुणी धरला नसता. त्या वर्षी आबिड्सची दुकानं परदेशी बनावटीच्या मालानं फुलून गेली होती. आतोबांनी तिथून एक स्टिरिओ आणला. त्याचे दोन स्पीकर म्हणजे मुलीच्या लग्नात द्यायच्या ट्रंका. रिक्षात स्पीकर बसले आणि आतोबा मागून चालत आले. आत्याला समोर बसवून त्यांनी कॅसेट लावली, तोच वीज गेली. वीज आली, तेव्हा खालच्या दुकानांचे जनरेटर बंद व्हायला तयार नव्हते. उदारीकरणानं आमच्या गल्लीला काय दिलं असेल तर ते जनरेटर, आणि दुप्पट स्कूटरी. आत्या स्पीकरकडे टक लावून बसली होती, कपाळावर तीच आठी. "बघ," आतोबा म्हणाले, "व्होल्टेज नाही, वर हा गोंधळ. ह्यात देवाला तरी ऐकू येईल काय?" त्या रात्री ते जेवताना एकदाही उठले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की ह्यांच्या डोक्यात काहीतरी मोठं शिजतंय.

आठवड्यानं दारात एक मेटॅडोर येऊन उभी राहिली. कुठल्याशा दवाखान्यानं काढून टाकलेली ती जुनी रुग्णवाहिका होती. आतोबांचा विचार सरळ होता. गावाबाहेर जायचं, शांत जागा बघायची, इंजिन बंद करायचं आणि भरपूर व्होल्टेजवर तिला गाणं ऐकवायचं. मग नाही ऐकू आलं असं होणारच नाही. आत्यानं गाडीला एक फेरी घातली, पुसट झालेल्या लाल खुणेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "ह्यात आडवी होऊन गेलेली माणसं परत येत नाहीत. मी नाही बसायची." आतोबांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी गाडीला रेल्वेच्या डब्यासारखा विटकरी लाल रंग दिला, दारावर 'बसण्यासाठी ४, निजण्यासाठी २' असं सुबक अक्षरांत रंगवून घेतलं, भंगारवाल्याकडून जुन्या डब्यातली लाकडी फळ्यांची झोपायची बाकं आणून आत बसवली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटा वाजवणारी एक साखळीही लावली. विनाकारण ओढल्यास दंड, हेही लिहायला विसरले नाहीत. तिला ते कधी गाडी म्हणत नसत. "गाडी म्हणजे इंजिनापासून गार्डापर्यंत पुरी. हा डबा आहे." डबा उभा करायचा म्हणजे 'सायडिंगला लावायचा', आणि मागच्या दोन्ही चाकांना लाकडी गुटके लावल्याशिवाय कुणी खाली उतरायचं नाही. ट्रंकांएवढे ते स्पीकर डब्यात कुठेच मावेनात. शेवटी एका बाकाच्या फळीखाली ते आडवे घातले.

पहिली चाचणी गंडिपेटच्या तलावाकाठी झाली. आत्या नव्हतीच, मी आणि आतोबा. कोठी बाजारातल्या एका रेडिओ मेकॅनिकनं स्टिरिओ गाडीच्या बॅटरीवर चालेल अशी व्यवस्था करून दिली होती. दुपारभर सुरेख वाजला. ऊन उतरल्यावर आतोबांनी ऐटीत किल्ली फिरवली, आणि सेल्फनं खोकल्यासारखा एक आवाज करून मान टाकली. इंजिनाच्या बॅटरीतलं होतं नव्हतं ते सगळं गाण्यात गेलं होतं. शेवटी सहलीला आलेल्या कॉलेजच्या पोरांनी डबा ढकलला, आणि ढकलताना "भारतीय रेल, ज़िंदाबाद!" अशा आरोळ्या दिल्या. आतोबांनी खिडकीतून हात हलवून त्यांचा स्वीकार केला. घरी फाटकाशी उतरताना म्हणाले, "आपलंच चुकलं. एका बॅटरीवर संसार आणि गाणं, दोन्ही चालत नसतं. चूल वेगळी पाहिजे."

वेगळी चूल म्हणजे फक्त गाण्यासाठी दुसरी बॅटरी. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. ती भरायची कशी, ह्यावर मात्र रामनगरच्या मिस्त्रीशी त्यांची जुंपली. मिस्त्री म्हणाला, "साब, इंजिन से ही तार खींच देतूँ. गाड़ी खड़ी रही तो भी, इंजिन चालू करे तो भर जाती." आतोबांना हा विचार बाटल्यासारखा वाटला. "इंजिन का इससे क्या ताल्लुक, मियाँ? पहिए के धुरे से पट्टा लो, उस पे डायनामो बिठाओ. चला तो कमाई, रुका तो खर्चा." मिस्त्रीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "साब, ये मोटर है. रेल नईं है." "तुमको नईं दिखती," आतोबा म्हणाले, आणि स्वतः गाडीखाली शिरले.

डायनामो उत्तम बसला. भंगारात घेतलेला, पण आतोबांनी त्याला लहान मुलासारखं पुसूनबिसून तयार केलं होतं. ड्रायव्हरच्या समोर काट्याचं एक मीटर लावलं. काटा उजवीकडे झुकला की बॅटरी भरतेय असं समजायचं. आम्ही नल्लकुंट्याहून निघालो. काटा ढिम्म. मुशिराबाद आलं, काटा ढिम्म. सिकंदराबाद स्टेशनासमोर रिक्षा, हातगाड्या आणि एक सुस्तावलेली म्हैस ह्यांच्या मागे आम्ही उभे होतो, तेव्हा आतोबांच्या तोंडून हळूच "अरे देवा" असं निघालं. रेल्वेतला तो डायनामो चाकांनी चांगला वेग घेतल्याखेरीज वीज देतच नाही. रुळावर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण गाडीपुढे म्हैस नसते. हैदराबादच्या रस्त्यावर तो वेग घ्यायचा तर पहाटे उठावं लागलं असतं किंवा मंत्री व्हावं लागलं असतं. अलवाल मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि काट्यानं एकदाचं अंग हलवलं. मी ओरडले, "चढला!" आतोबा म्हणाले, "म्हटलं नव्हतं?" म्हणजे थोडंसं गाणं ऐकायचं तर आधी पार मेडचलपर्यंत डबा पळवून आणायचा, असा हिशेब ठरला. मिस्त्रीला कळलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "साब, दो गाने सुनने वास्ते आप आधा हिंदुस्तान फिर के आते." आतोबांनी व्यवस्था बदलली नाही. चूक आपली आहे हे त्यांना कळलं होतं, पण ती त्यांना आवडली होती.

आता उरली आत्या. ती शेवटी डब्यात चढली ती गाण्यासाठी नव्हे, मिरच्यांसाठी. दरवर्षी बेगम बाजारातून ती वर्षाच्या मिरच्या, चिंच आणि हळकुंडं आणायची, आणि पोती बघून रिक्षावाले तोंड फिरवायचे. त्या दिवशी तिसऱ्या रिक्षावाल्याशी भांडून झाल्यावर तिनं, तिच्या मागोमाग बाजारात येऊन कोपऱ्यावर मुकाट उभ्या असलेल्या डब्याकडे पाहिलं. आतोबा खिडकीतून दुसरीकडेच बघत होते. "अहो," ती म्हणाली, "पोती तेवढी टाकते." पोती चढली, पोत्यांची राखण करायला ती चढली. घरी उतरल्यावर आतोबा मला कानात म्हणाले, "मालगाडी तर मालगाडी. रूळ तर तेच आहेत." त्यानंतर स्टिरिओ पहिल्यांदा वाजवला तेव्हा स्पीकरच्या कापडात बसलेली मिरचीची धूळ उडून आम्ही तिघं इतके शिंकलो की आत्या हसून हसून बाकावर बसली. तिथून पुढे रविवारी शामीरपेटला जायला ती तयार झाली. त्या रस्त्याला सीताफळं चांगली मिळतात, एवढंच तिनं कारण सांगितलं.

त्या रविवारी आतोबांनी डबा आधी मेडचलच्या रस्त्याला मनसोक्त पळवला. शामीरपेटच्या वाटेवर सीताफळवाली दिसताच आत्यानं साखळी ओढली, घंटा खणखणली आणि आतोबांनी करकचून ब्रेक मारला. दंडाची गोष्ट कुणी काढली नाही. तलावाकाठी डबा सायडिंगला लागला, गुटके लागले, इंजिन बंद झालं. चार-साडेचारची वेळ, मोठाले खडक, ताडाची झाडं आणि अशी शांतता की सीताफळाची बी टाकली तरी आवाज व्हावा. आत्या दाराशी घडीच्या खुर्चीवर बसली. आतोबांनी मीटर पाहिलं. "फुल व्होल्टेज," ते म्हणाले, आणि कॅसेट घालण्याआधी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज त्यांच्याजवळ सबब उरलेली नाही. वीज भरपूर, जनरेटर नाहीत, स्कूटरी नाहीत, इंजिन बंद. आजही ऐकू आलं नाही तर ती थाप, एवढ्या खटपटीनं उभी केलेली, सगळी खाली येणार होती.

गाणं सुरू झालं. तिच्या तरुणपणीचं, तिनं हजारदा म्हटलेलं. आत्या हसली. मान डोलावू लागली. पण तिचे डोळे माझ्या पायाकडे होते. मी ताल धरला होता तो बघून ती डोलत होती, आणि एक ठोका मागे राहत होती. मी पाय थांबवला असता तर ती थांबली असती, म्हणून मी ताल चालूच ठेवला. आतोबांनी ते पाहिलं. त्यांनी पुन्हा एकदा मीटर पाहिलं, बॅटरीच्या पेटीचं झाकण हलकेच लावलं आणि एका खडकावर जाऊन बसले. त्यांच्या तोंडातून 'व्होल्टेज' हा शब्द आला नाही. इतक्या दिवसांत ते मला प्रथमच म्हातारे दिसले.

"छान लागलंय हो," आत्या त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असणार. "मी जरा पडते. कंबर धरलीय." ती आत जाऊन बाकावर आडवी झाली.

थोड्या वेळानं आतून गुणगुणणं ऐकू आलं. मला आधी वाटलं, कॅसेटच. पण आवाज दोन होते, आणि ते अगदी बरोबर चालले होते. ना पुढे, ना मागे. आतोबा उठून दाराशी गेले. आत्या कुशीवर झोपली होती, उशी बाजूला सारून तिनं कानामागचं हाड उघड्या फळीला टेकवलं होतं, आणि फळीखाली ते ट्रंकांएवढे स्पीकर घुमत होते. कानाचं दार बंद झालं तरी हाडातून आवाज आत शिरतो, हे पुढे डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. त्या क्षणी कुणाला काही समजावून घ्यायचं नव्हतं. तिनं डोळे उघडले. ते भरून आले होते.

"अहो," ती म्हणाली, "आत्ता आलं बघा व्होल्टेज."

"म्हटलं नव्हतं?" आतोबा म्हणाले, आणि डब्याच्या मागच्या बाजूला जाऊन कितीतरी वेळ चष्मा पुसत उभे राहिले.

मग दर रविवार शामीरपेटचा झाला. आतोबांनी स्पीकर घरी पलंगाखाली लावूनही पाहिले. आत्यानं पाच मिनिटं डोकं टेकवलं आणि उठून बसली. "छे, घरात व्होल्टेजच नाही," तिनं त्यांच्याच ठसक्यात सांगितलं, आणि पुन्हा डबा निघाला. ती आत फळीवर कान टेकून पडायची आणि गायची, आतोबा दाराशी खुर्ची टाकून बसायचे, मी खडकावर सीताफळं खायची. ऐन उमेदीतला एखादा सुखी संसार बघावा तसं ते मला वाटायचं, आणि मला त्यात बसायला जागा होती ह्याचा मला फार आनंद होता. आरती मात्र पुन्हा आत्यानं कधी उचलली नाही. गाणं आता शामीरपेटपुरतंच होतं.

दोन-तीन वर्षांत गाण्याची बॅटरी थकली. नवी घ्या म्हटलं तर आतोबा म्हणायचे, अजून जीव आहे तिच्यात. रस्तेही आता अलवालच्या पुढपर्यंत गजबजले होते, काटा हलायला जागा राहिली नव्हती. एका रविवारी आत्या रंगात आली होती आणि मधल्या कडव्यात आवाज जड होत होत स्टिरिओ बंद पडला. आत्या गातच राहिली. मला वाटलं, आतोबा आता उठणार, झाकण उघडणार, तारा हलवणार. दिवा मिणमिणला तर पानावरून उठणारा माणूस तो. पण त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि जागेवरून हललेसुद्धा नाहीत. त्यांचा विचार मला लगेच कळला. ते उठले असते तर गाणं थांबल्याचं आत्याला कळलं असतं, आणि आपल्याला ते ऐकूच आलं नाही हेही. ती शेवटच्या ओळीपर्यंत गायली, उठून बसली, आणि पदर सावरत म्हणाली, "आज चांगलं लागलं होतं." "हौ," आतोबा म्हणाले, "आज फुल होतं." त्यानंतर हे पुष्कळदा झालं. बॅटरी मध्येच मान टाकायची, आत्या एकटीच कडवी पुरी करायची, आणि आतोबा गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या शहाण्या मुलासारखे ऐकत बसायचे. त्यांनी नवी बॅटरी काही घेतली नाही.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डबा भंगारात गेला, पण ती फळी आत्यानं ठेवून घेतली. नल्लकुंट्याच्या घरात ती खिडकीखाली आहे, तिच्यावर पापड वाळतात. आत्याला आता काहीच ऐकू येत नाही. समोर बसून, ओठ नीट हलवून बोलावं लागतं. मागच्या खेपेला गेले तेव्हा आम्ही दोघी त्या फळीपाशी बसलो होतो आणि मला राहवलं नाही. मी तिला ते सांगून टाकलं. म्हटलं, "आत्या, बॅटरी कितीदा मध्येच संपायची. तू एकटीच गायचीस. आतोबा मला बोलू देत नसत."

आत्या हसली. "वेडे, फळी गप झाली की मला कळायचं की. गालाखालीच होती ती माझ्या."

"मग गात कशाला राहायचीस?"

तिनं एक पापड उचलला, उलटा केला आणि पुन्हा खाली ठेवला.

"थांबले असते तर ते बॅटरी बघायला उठले असते," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा माणूस जवळ बसला होता."